मांजराची किरकोळ जखम घरी सांभाळताना

कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये घरांची कौले एकमेकांना टेकलेली असतात, त्यामुळे मांजरांची वाट आपल्या डोक्यावरून जाते आणि बोक्यांची भांडणेही तिथेच होतात. रात्री गुरगुर ऐकू येते, एखादे कौल सरकल्याचा आवाज होतो आणि सकाळी घरचा बोका कपाळावर ओरखडा घेऊन खाली उतरतो. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. अशा वेळी घरातले कुणी हळदीचा डबा काढते, तर कुणी कपाटातली अँटिसेप्टिकची बाटली. दोन्ही गोष्टी मायेपोटीच होतात, पण मांजराला त्यांचा उपयोग थोडा आणि अपाय जास्त होतो. जखम स्वच्छ पाण्याने धुणे, मांजराला ती चाटू न देणे आणि रोज नीट निरखून पाहणे, एवढीच तीन कामे घरची आहेत. त्यापुढचे सगळे पशुवैद्याचे. ही तीन कामे कशी करावीत आणि कोणत्या जखमेच्या वाट्याला घरी जाऊच नये, ते येथे सविस्तर लिहिते.

घरची जखम कोणती, दवाखान्याची कोणती

वरवरचा ओरखडा, घासटून साल निघालेली जागा, एक सेंटीमीटरपेक्षा लहान आणि कडा मिटलेली चीर, टोकाशी तुटलेले नख किंवा पंज्याच्या गादीवरची उथळ काप, या जखमा घरी सांभाळता येतात. मात्र मांजर नेहमीसारखे खात-पीत, हिंडत-फिरत असले पाहिजे. पत्र्याच्या कडेला किंवा कंपाऊंडच्या तारेला घासून झालेली लांबलचक पण उथळ जखम पाहून माणूस घाबरतो, पण ती उघडी असते, तिच्यातला स्राव बाहेर पडत राहतो आणि ती बहुधा सुरळीत भरून येते.

खरी काळजी करावी ती टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्राची. मांजराचे सुळे बारीक आणि अणकुचीदार असल्यामुळे ते इंजेक्शनच्या सुईसारखे कातडीतून आत जातात, तोंडातले जंतू खोलवर सोडतात आणि बाहेर येतात. वरचे छिद्र एका दिवसात मिटून त्यावर खपली धरते, तर आत उबदार, बंद जागेत ते जंतू वाढू लागतात. पाश्चुरेला नावाचे जंतू निरोगी मांजरांच्याही तोंडात सर्रास असतात, त्यामुळे चावणारे मांजर आजारी असण्याची गरज नसते. दोन ते चार दिवसांत त्या जागी गळू होते.

तीन वर्षांपूर्वी आषाढात आमच्या बंड्याच्या गालावर असेच एक छिद्र मला दिसले होते. रक्त जवळपास नव्हतेच. मी त्यावर चिमूटभर हळद दाबली, दुसऱ्या दिवशी छान कोरडी खपली धरलेली पाहून निर्धास्त झाले, आणि चौथ्या दिवशी त्याचा गाल लिंबाएवढा सुजला. अंग तापले होते, जबडा उघडताना तो कण्हत होता आणि आवडत्या माशाच्या तुकड्याकडेही त्याने पाहिले नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी गालावरचे केस काढले तेव्हा मला दिसलेल्या छिद्रापासून बोटभर अंतरावर दुसरे छिद्र निघाले, कारण वरचे सुळे दोन असतात. जखम उघडल्यावर दोन चमचे पू निघाला आणि खोलीभर दुर्गंधी पसरली. मी दाबलेली हळद त्या छिद्रात बुचासारखी बसली होती. त्या दिवशी बंड्याला जे सोसावे लागले ते पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेले असते तर टळण्यासारखे होते, आणि ही सल अजून माझ्या मनात आहे.

म्हणून भांडून आलेल्या मांजराच्या अंगावर एक जखम दिसली तर दुसरी शोधावी. केसांच्या उलट दिशेने बोटे फिरवत कपाळ, गाल, मान, पुढचे पाय आणि शेपटीचा बुंधा तपासावा. समोर उभे राहून भांडणाऱ्याला डोक्यावर आणि पुढच्या पायांवर लागते, पळ काढणाऱ्याला शेपटीजवळ. ओला होऊन चिकटलेला केसांचा झुबका किंवा ज्वारीच्या दाण्याएवढी टणक खपली बोटाला लागली, की तिथे दात लागला आहे असे समजावे. दुसऱ्या मांजराने चावा घेतल्याची शंका जरी आली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पहिल्या चोवीस तासांत योग्य प्रतिजैविक सुरू झाले तर गळू बहुतेक वेळा होत नाही.

याशिवाय डोळ्याजवळची, छातीवरची, पोटावरची किंवा सांध्यावरची जखम, कडा उघडून आतला भाग दिसत असलेली जखम, दहा मिनिटे दाबून धरूनही न थांबणारे रक्त, दुर्गंधी, पू, लंगडणे, गाडीची धडक, उंचावरून पडणे आणि भाजणे, यांपैकी काहीही असल्यास घरी वेळ घालवू नये. टाके घालण्याजोगी जखम सहा-आठ तासांच्या आत डॉक्टरांच्या हाती पडली तर ती सरळ शिवता येण्याची शक्यता अधिक असते. भाजलेल्या जागेवर मात्र निघण्यापूर्वी किमान दहा मिनिटे साधे गार पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट किंवा तूप लावू नये. कुत्रा चावला असेल तर बाहेर दोन छिद्रे दिसतात, पण कुत्रा धरून झटकतो, त्यामुळे आतले स्नायू चिरडलेले असू शकतात. शिवाय रेबीजचा प्रश्न असतोच. मांजराला आधी लस दिलेली असली तरी डॉक्टरांना कधी दिली ते सांगावे, म्हणजे पुन्हा मात्रा द्यायची की नाही ते ठरवता येते. लहान पिल्ले, म्हातारी मांजरे आणि मधुमेह झालेली मांजरे यांची छोटी जखमही एकदा दाखवून घ्यावी.

पुष्कळ जण गंजलेल्या पत्र्याने कापले की मांजराला धनुर्वाताचे इंजेक्शन हवे म्हणून घाई करतात. मांजराच्या शरीरात धनुर्वाताला मोठा प्रतिकार असतो आणि तो आजार मांजरांना फार क्वचित होतो, तेव्हा ते डॉक्टरांवर सोडावे.

मांजराला धरणे

दुखावलेले मांजर ओळखीच्या माणसालाही चावते, त्यात त्याचा दोष नाही. खोलीची दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, पाणी, कापड, सिरिंज असे सारे साहित्य आधी हाताशी मांडावे आणि मगच मांजराला उचलावे. अर्ध्यात उठून काही आणायला गेल्यास ते कपाटाखाली शिरते आणि मग दिवसभर हाती लागत नाही. जुनी सुती चादर दुपदरी करून ओट्यावर किंवा टेबलावर अंथरावी, मांजराला मधोमध बसवावे आणि दोन्ही बाजूंनी चादर ओढून फक्त जखमेचा भाग बाहेर राहील असे गुंडाळावे. घोंगडी वापरू नये. तिच्या धाग्यांत नखे अडकतात आणि मांजर आणखी बिथरते. एकाने छातीशी हलके धरावे, दुसऱ्याने जखम पाहावी. बखोट धरून उचलणे किंवा दाबून टेबलावर आडवे करणे टाळावे. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, तर तेवढ्यावरच थांबून त्याला मोकळे सोडावे आणि तासाभराने पुन्हा प्रयत्न करावा. दोनदा प्रयत्न करूनही जमत नसेल तर दवाखान्यात नेणेच शहाणपणाचे, कारण झटापटीत उथळ जखमही फाटते.

या गडबडीत मांजराचे दात किंवा नखे आपल्याला लागली तर आधी आपली जखम पाहावी. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मांजराच्या चाव्याने हाताच्या सांध्यात जंतुसंसर्ग फार लवकर पसरतो, आणि लस न दिलेले किंवा बाहेर फिरणारे मांजर असेल तर रेबीजची लस घ्यायची की नाही हा निर्णयही डॉक्टरांचाच. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयात ही लस मिळते. घरचेच मांजर आहे म्हणून ही गोष्ट अंगावर काढू नये.

रक्त थांबवणे आणि धुणे

रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजची किंवा धुतलेल्या सुती रुमालाची घडी जखमेवर ठेवून बोटांनी सलग पाच मिनिटे दाबून धरावी. मध्येच उचलून पाहण्याचा मोह होतो, पण दर वेळी नुकती धरलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होते. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी घडी ठेवावी. कापूस वापरू नये, त्याचे तंतू जखमेत चिकटून राहतात. नख तुटून रक्त येत असल्यास बोटाच्या चिमटीत कॉर्नफ्लॉवर घेऊन नखाच्या टोकावर दाबले की थांबते. हे पीठ नखापुरतेच, कातडीच्या जखमेवर नाही.

धुण्यासाठी सर्वांत उत्तम म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी ०.९ टक्क्यांच्या सलाईनची बाटली. ती नसेल तर अर्धा लिटर पाणी झाकण ठेवून दहा मिनिटे उकळावे, त्यात साधे मीठ साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचा सपाट करून त्याहून किंचित कमी, विरघळवावे आणि पाणी कोमट होऊ द्यावे. मीठ अंदाजाने मूठभर टाकू नये, जास्त खारट पाण्याने जखम चुरचुरते आणि नव्या पेशींना इजा होते. हे पाणी त्याच दिवशी वापरून संपवावे. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहिला असता तो गार किंवा गरम न लागता तसाच वाटला, की तापमान बरोबर आहे.

जखमेभोवतीचे केस काढणे गरजेचे असते, पण कात्रीने काढताना मांजराची सैल कातडी केसांबरोबर उचलली जाऊन कापली जाते आणि मूळ जखमेपेक्षा मोठी जखम होते. ट्रिमर असेल तर तोच वापरावा. कात्रीच वापरायची झाल्यास कातडी आणि कात्री यांच्यामध्ये बारीक फणी आडवी धरून फणीच्या वर आलेले केसच कापावेत. त्याआधी जखमेवर पाण्यात विरघळणाऱ्या वंगण-जेलीचा पातळ थर द्यावा, म्हणजे कापलेले केस जखमेत न पडता जेलीला चिकटतात आणि धुताना तिच्याबरोबर वाहून जातात. मांजर घाबरट असेल तर केस तसेच राहू द्यावेत आणि पाण्याने ओले करून बाजूला सारावेत.

आता सुई काढलेली दहा किंवा वीस मिलिलिटरची सिरिंज मिठाच्या पाण्याने भरावी, जखमेपासून दोन-तीन बोटे दूर धरावी आणि पाण्याची हलकी, सलग धार तिरपी सोडावी, म्हणजे माती, केस आणि सुकलेले रक्त जखमेच्या आत न ढकलता कडेने बाहेर वाहते. छिद्रात सिरिंजचे तोंड खुपसून दाबू नये. लहान जखमेलाही शंभर मिलिलिटर पाणी लागते. दोन चमचे पाण्याने पुसून काढणे म्हणजे धुणे नव्हे. निघून जाणारे पाणी आधी मातकट, मग गुलाबी आणि शेवटी स्वच्छ दिसू लागले, की थांबावे. गॉजने न घासता, टेकवून पाणी टिपून घ्यावे.

अँटिसेप्टिक वापरायचेच असेल तर पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण चालते, पण बाटलीतले जसेच्या तसे नाही. ५ टक्क्यांचे द्रावण असेल तर शंभर मिलिलिटर मिठाच्या पाण्यात दोन मिलिलिटर, १० टक्क्यांचे असेल तर एकच मिलिलिटर घालावे. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा आला पाहिजे. गडद म्हणजे जास्त गुणकारी असे नाही, उलट गडद द्रावण जंतूंबरोबर जखम भरून आणणाऱ्या पेशीही मारते. दुकानात मागताना बाटलीवर ‘सोल्युशन’ लिहिलेले आहे हे पाहून घ्यावे. ‘स्क्रब’ लिहिलेल्या बाटलीत साबणासारखा पदार्थ असतो आणि तो उघड्या जखमेसाठी नसतो. द्रावणाने धुतल्यावर एक-दोन मिनिटांनी पुन्हा साध्या मिठाच्या पाण्याची धार सोडावी, म्हणजे मांजराच्या जिभेवर आयोडीन जाणार नाही.

पट्टी बांधण्याची घाई करू नये. किरकोळ जखम उघडी राहिलेलीच बरी, आणि घरी बांधलेली पट्टी बहुतेक वेळा इतकी घट्ट होते की पायाचा रक्तपुरवठा अडतो. डॉक्टरांनी पायाला पट्टी बांधून दिली असेल तर पट्टीबाहेरची मधली दोन बोटे दिवसातून तीन-चार वेळा पाहावीत. त्यांच्यातले अंतर वाढलेले दिसले, ती फुगली किंवा गार लागली तर पट्टी लगेच सैल करून घ्यावी लागते.

काय लावू नये आणि काय देऊ नये

येथे मी अधिक आग्रहाने लिहीत आहे, कारण जखमेपेक्षा उपायाने दगावलेली मांजरे मी पाहिली आहेत. मांजराच्या यकृतात काही औषधे आणि रसायने निकामी करणारी यंत्रणा फार दुबळी असते. माणूस किंवा कुत्रा जे सहज पचवून बाहेर टाकतो ते मांजराच्या अंगात साठून विष बनते. त्यात मांजर अंगाला लागलेली प्रत्येक गोष्ट चाटून पोटात घेते, त्यामुळे त्याच्या कातडीवर लावलेले औषध हे त्याला पाजलेलेच औषध असते.

पाण्यात टाकताच दुधाळ होणारे डेटॉलसारखे अँटिसेप्टिक, फिनाईल, कार्बोलिक साबण यांपैकी काहीही मांजराच्या अंगाला लागू देऊ नये. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साईड जखमेतल्या निरोगी पेशी जाळतात. पेरॉक्साईडचा फेस पाहून जखम साफ होते आहे असे वाटते, पण त्या फेसात नवी वाढही जाते. टी ट्री तेल, निलगिरी तेल, कापूर आणि दुखण्यावर चोळण्याचे बाम हे तर मांजराच्या जवळही नकोत. माणसांच्या मलमांत कुणात स्टेरॉईड, कुणात झिंक, तर कुणात बधिर करणारे औषध असते. स्टेरॉईडने जखम भरणे लांबते, झिंक पोटात गेल्यास अपाय होतो आणि बेंझोकेनसारख्या बधिर करणाऱ्या औषधाने मांजराच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते.

हळदीबद्दल लिहिताना मला आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध पत्करावा लागतो. शेजारच्या सांगलीची हळद कितीही उत्तम असली तरी डब्यातली पूड निर्जंतुक नसते, ओल्या जखमेत तिचा गोळा होतो, तो छिद्राचे तोंड बुजवतो आणि पिवळ्या रंगाखाली लाली किंवा पू दिसेनासा होतो. डॉक्टरांना जखम पाहण्याआधी ती खरवडून काढावी लागते आणि मांजराला पुन्हा वेदना होतात. गूळ, मध, राख, चहाची पूड यांचेही तसेच. शिवाय गोड पदार्थावर मुंग्या येतात.

जिल्हाभर दुभती जनावरे आहेत, त्यामुळे गावाकडच्या घरात गायी-म्हशींच्या जखमेवर टाकायची कीडनाशक पावडर किंवा फवारा असतो आणि तो मांजरावरही वापरला जातो. त्यांतल्या कित्येक औषधांत कीटकनाशकांच्या जातीची रसायने असतात. म्हशीच्या पाचशे किलो वजनाला जे चालते ते चार किलोचे मांजर चाटून पोटात घेते, तेव्हा लाळ गळणे, अंग थरथरणे, झटके येणे असे घडते. माश्या येऊ नयेत म्हणून कुत्र्याचा गोचीडनाशक फवारा मारणेही तितकेच घातक आहे, कारण त्यात परमेथ्रिन असू शकते आणि ते मांजरासाठी विष आहे.

दुखते म्हणून पॅरासिटामॉल देऊ नये, अर्धी नाही आणि पावही नाही. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीने मांजराचा जीव जाऊ शकतो: हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास घेणे जड होते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन आणि घरात कुत्र्यासाठी आणून ठेवलेले वेदनाशामक यांच्याबाबतही हेच लक्षात ठेवावे. चुकून दिले गेले असेल तर वाट न पाहता गोळीच्या पाकिटासह दवाखाना गाठावा; लवकर उपचार झाले तर मांजर वाचू शकते. मागच्या वेळी उरलेली प्रतिजैविकेही स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी दिली तर ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण करते, म्हणून डॉक्टरांनी ती लिहून दिली असली तरी मागोमाग सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी पाजावे किंवा थोडे खायला घालावे.

चाटण्यापासून राखणे

जनावर जखम चाटून बरी करते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मांजराची जीभ आपल्या बोटाला कानसेसारखी लागते, कारण तिच्यावर मागे वळलेले बारीक काटे असतात. त्या काट्यांनी रोज शेकडो वेळा घासली जाणारी जखम भरणार कशी? कोवळी कातडी उचकटते, खपली निघते आणि तोंडातले जंतू पुन्हा आत जातात.

त्यासाठी गळ्यात घालायची शंकूच्या आकाराची कॉलर दवाखान्यात किंवा पाळीव प्राण्यांच्या साहित्याच्या दुकानात मिळते. तिची कड मांजराच्या नाकाच्या पुढे दोन बोटे असावी आणि गळ्याशी एक-दोन बोटे सहज जातील इतकी ती सैल असावी. तातडीने लागल्यास जुन्या एक्स-रे फिल्मचा शंकू करता येतो, पण गळ्याकडची कड सुती कापडाच्या पट्टीने मढवून घ्यावी, नाहीतर मानेवर नवीनच जखम होते. पहिले काही तास मांजर मागे-मागे चालते, भिंतींना धडकते आणि रुसून बसते. त्याची दया येऊन कॉलर काढू नये, एका दिवसात बहुतेक मांजरे सरावतात. खाण्या-पिण्याची भांडी उथळ आणि थोडी उंचावर ठेवली तर कॉलरसकट खाता येते. धड किंवा पाठ झाकायची असेल तर लहान बाळाच्या जुन्या सुती झबल्याचाही उपयोग होतो.

जखम भरेपर्यंत मांजराला घरातच ठेवावे. पंज्याला जखम असेल तर शी-शूच्या पेटीतली वाळू किंवा भुसा काढून त्या जागी वर्तमानपत्राचे तुकडे घालावेत, कारण वाळूचे कण ओल्या जखमेत रुततात. बोक्याची नसबंदी झालेली नसल्यास त्याला कोंडून ठेवणे अवघड जाते. जखम बरी झाल्यावर डॉक्टरांशी त्याविषयी बोलून घ्यावे. नसबंदीनंतर भांडणे आणि रात्रीची भटकंती बरीच कमी होते, आणि चाव्यातून पसरणाऱ्या आणि मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या एफआयव्ही या विषाणूचा धोकाही त्याबरोबर घटतो.

पावसाळ्यातली जास्तीची काळजी

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा ओली असते, जखम सुकत नाही आणि माश्या फार होतात. माशीने जखमेवर किंवा जखमेजवळच्या ओल्या केसांवर अंडी घातली की एका दिवसाच्या आत आळ्या निघू शकतात. अंडी पांढरट, तांदळाच्या बारीक कणीसारखी, केसांना चिकटलेली दिसतात. या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उजेडात जखम पाहावी आणि मांजराला मच्छरदाणीत किंवा जाळीच्या खोलीत ठेवावे. आळ्या दिसल्याच तर घरी रॉकेल, टर्पेंटाइन किंवा डांबरगोळीची पूड टाकू नये. त्यांनी मांजर पोळते आणि विषबाधाही होते. मिठाच्या पाण्याची धार सोडून दिसतील तेवढ्या काढाव्यात आणि तडक दवाखान्यात न्यावे, कारण वर दिसतात त्यांच्या कितीतरी पट आत असतात.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहराच्या सखल भागांत पाणी शिरले आणि रस्ते बंद झाले, तेव्हा दवाखाना जवळ असूनही गाठता येत नव्हता. म्हणून राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे जाऊ लागली, की ४३ फुटांची धोका पातळी येण्याची वाट न पाहता मी एका स्टीलच्या डब्यात सलाईनच्या दोन बाटल्या, गॉज, सिरिंज, पोव्हिडोन आयोडीन, हातमोजे, कॉलर आणि लसीकरणाचे कार्ड भरून मांजराच्या टोपलीशेजारी ठेवते. पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते. त्यात भिजलेली जखम किरकोळ दिसली तरी ती भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन, जमेल तितक्या लवकर दाखवावी.

रोज काय पाहावे

पहिले दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने धुवावे, पुढे एकदा पुरते, आणि कोरडी खपली धरल्यावर धुणे थांबवावे. खपली नखाने काढू नये. रोज एकाच जागी, एकाच उजेडात मोबाइलवर जखमेचे छायाचित्र काढून ठेवले तर ती वाढते आहे की आटते आहे हे मनाच्या भरवशावर सोडावे लागत नाही, आणि डॉक्टरांना दाखवतानाही त्याचा फार उपयोग होतो.

पहिल्या दोन दिवसांत कडेला थोडी लाली, किंचित सूज आणि पाण्यासारखा स्राव येणे साहजिक आहे. त्यानंतर जखमेच्या तळाशी गुलाबी-लाल, ओलसर, बारीक दाणेदार मांस दिसू लागले तर ते चांगले लक्षण समजावे. तो भाग पू किंवा घाण समजून पुसून काढू नये. कुत्र्याच्या तुलनेत मांजराची जखम सावकाश भरते, त्यामुळे आठवड्यात पूर्ण बुजली नाही म्हणून धीर सोडू नये, मात्र ती रोज थोडी तरी लहान झाली पाहिजे. लाली पसरत चालली, जागा गरम आणि टणक लागली, दाबल्यावर मऊ पडून हलली, स्राव पिवळा-हिरवा झाला किंवा घाण वास आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मांजराचे नेहमीचे तापमान ३८.१ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच, त्यामुळे हाताला गरम लागले म्हणून ताप आहे असे ठरवता येत नाही. लपून बसणे, खाणे आणि अंग स्वच्छ करणे सोडून देणे, यांवरून अधिक नेमके कळते. चोवीस तास काहीच न खाल्लेल्या मांजराला दाखवलेच पाहिजे, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून नवेच दुखणे उभे राहते.

खपली आपोआप गळून खाली कोरडी, मिटलेली, फिकट गुलाबी कातडी दिसली की कॉलर काढता येते. काढल्यावर पहिला अर्धा तास मांजरासमोर बसून राहावे. इतक्या दिवसांनी मोकळे झालेले मांजर आधी सगळे अंग चाटून काढते, ते करू द्यावे. पण ते पुन्हा पुन्हा त्याच जागेवर येऊन ती ओली आणि लाल करू लागले, तर कॉलर आणखी दोन दिवस घालावी आणि मग पुन्हा काढून पाहावी.